सायकल बरोबर नेताना: भाडे, बांधणी आणि मनस्ताप यांचा हिशोब

सायकलीवरून प्रवास करणे स्वस्त असते. सायकल घेऊन प्रवास करणे मात्र स्वस्त नसते, आणि हा फरक बहुतेकांना पहिल्या मोठ्या सहलीच्या परतीच्या वाटेवर कळतो. पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकल चालवत जाताना जेवण, मुक्काम आणि अधूनमधून निघणारे पंक्चर यांपलीकडे फारसा खर्च होत नाही. परतताना तीच सायकल आगगाडीत चढवावी लागते आणि ज्या वाहनाने आपल्याला इतके अंतर आणले त्याचे एकाएकी अवजड सामान होते.

माझ्या वहीत त्या परतीच्या प्रवासाची नोंद आहे. सायकलीचे रेल्वेभाडे काही शे रुपये होते आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. त्याखालच्या ओळी अशा आहेत: गोणपाट आणि शिलाई २५० रुपये, हमाली २००, पुण्यात उतरल्यावर टेम्पो ६००, गिअरचा नवा हँगर (गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो पातळ पत्रा) ९००, आउट झालेले मागचे चाक सरळ करण्याचे १५०. ही बेरीज २,१०० रुपये होते आणि तिच्यातला मोठा भाग माझ्याच चुकीतून आला. सायकल बांधताना मी मागचा डिरेलर, म्हणजे तो गिअर बदलणारा भाग, काढून आत घेतला नव्हता, त्यामुळे हँगर वाकला. हँगर वाकल्यामुळे स्टेशनवरून घरी सायकल चालवत जाता आले नाही. म्हणून टेम्पो करावा लागला. पाच मिनिटांचे एक काम टाळल्याने दीड हजार रुपये गेले. सायकल नेण्याचा खर्च असाच साखळीने वाढतो. त्यामुळे या लेखात भाड्याच्या दरांपेक्षा ही साखळी कोठे तोडता येते याचा विचार अधिक केला आहे. दर बदलत राहतात आणि ते खिडकीवर विचारूनच घ्यावेत.

आधी ठरवावे: सायकल न्यायची आहे का?

हा प्रश्न सायकलप्रेमींना आवडत नाही, तरी तो कागदावर मांडावा. जाण्यायेण्याचे भाडे, बांधणीचे साहित्य, दोन्ही टोकांचे टेम्पो आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली एक रक्कम यांची बेरीज करावी, आणि ज्या दिवशी सायकल प्रत्यक्ष चालवली जाणार आहे तेवढ्याच दिवसांनी तिला भागावे. समजा ही बेरीज ४,००० रुपये आली. सहल दहा दिवसांची असेल तर दिवसाला ४०० रुपये पडतात आणि आपल्या ओळखीची, आपल्या मापाची सायकल हाताशी असण्याचे ते मोल रास्त आहे. सहल तीन दिवसांची असेल तर दिवसाला १,३०० रुपयांहून अधिक पडतात, आणि तेवढ्या पैशांत बहुतेक पर्यटनस्थळी बरी सायकल भाड्याने मिळते. गोवा, हंपी, पुदुच्चेरी येथे साध्या सायकली भाड्याने मिळतात. मनालीत लेहच्या रस्त्यासाठी गिअरच्या सायकली देणारेही आहेत.

भाड्याच्या सायकलीचा खरा त्रास बसण्याच्या जागेचा असतो. म्हणून सायकल घरी ठेवली तरी स्वतःचे सीट आणि पेडल पिशवीत न्यावेत. दोन्हींचे वजन मिळून किलोभर होते, ते बसवायला दहा मिनिटे लागतात आणि परक्या सायकलीचे निम्मे परकेपण त्याने जाते. सीटच्या दांड्यावर आपल्या उंचीची खूण किती सेंटिमीटरवर आहे ते आधीच मोजून लिहून ठेवावे.

दुसरा उपाय असा की प्रवासाची आखणीच सायकल एकाच बाजूने वाहावी लागेल अशी करावी. घरापासून चालवत निघावे आणि परत वाहनाने यावे, किंवा वाहनाने दूर जाऊन घराकडे चालवत यावे. मला दुसरा प्रकार अधिक पसंत आहे. बांधणी घरी, आपल्या हत्यारांनिशी, सावकाश करता येते. वाटेत काही मोडलेच तर सहलीच्या सुरुवातीला, अंगात उत्साह असताना मोडते. आणि शेवटच्या दिवशी थकलेल्या अंगाने पार्सल कार्यालय शोधत फिरावे लागत नाही.

बांधणी

वाहन कोणतेही असले तरी बांधणीची तत्त्वे तीच आहेत, म्हणून हा भाग एकदा नीट शिकून घ्यावा. सायकलीत वाकणारे, मोडणारे आणि हरवणारे असे तीन प्रकारचे भाग असतात. मागचा डिरेलर आणि तो ज्या पातळ पत्र्यावर बसतो तो हँगर, ब्रेकची चकती आणि चाक काढल्यावर रिकामा राहणारा चिमटा हे वाकतात. गिअरचे आणि ब्रेकचे लिव्हर मोडतात. क्विक रिलीजचा (चाक आवळून धरणारा) दांडा, त्याच्या दोन लहान स्प्रिंगा, बाटलीचा स्टँड आणि दिवा हे हरवतात. हरवणारे सर्व भाग एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी स्वतःच्या पाठपिशवीत ठेवावी; सायकलीबरोबर बांधू नये.

पेडल काढायला १५ नंबरचा पाना किंवा पेडलच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा ८ मिलिमीटरची ॲलन की लागते. येथे नवखे लोक हमखास फसतात, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवे पेडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की सुटते, डावे मात्र काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही बाजूंचे पेडल सुटते, हे लक्षात ठेवले तर डाव्या-उजव्याचा गोंधळ होत नाही. परत बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे, नाही तर पुढच्या वेळी तो पाना हलणार नाही आणि सायकल आहे तशीच, पेडलांसकट, न्यावी लागेल.

डिरेलर एकाच बोल्टने हँगरला लागलेला असतो. तो बोल्ट सोडवून, साखळीसकट डिरेलर फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत वळवावा आणि कापडात गुंडाळून बांधावा. साखळी तोडण्याची किंवा केबल काढण्याची गरज नसते. डिस्कब्रेक असेल तर चाक काढल्यावर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची दुहेरी घडी सरकवून ठेवावी. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मुक्कामी चाक बसत नाही. रिकाम्या चिमट्यात मध्ये अडसर म्हणून जो प्लास्टिकचा तुकडा घालतात, तो नव्या सायकलींच्या खोक्यांतून येतो आणि दुकानदार तो कचऱ्यातच टाकत असतो. मागितला तर देतो.

खोकेही तेथेच मिळते. नवी सायकल दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात येते, आणि दोन दिवस आधी सांगून ठेवले तर दुकानदार ते फुकट किंवा शंभर-दोनशे रुपयांत देतो. फ्रेमच्या नळ्यांवर चढवण्यासाठी वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळीवर घालतात ते काळे फोमचे आवरण उत्तम. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे ते मीटरवर मिळते. बांधण्यासाठी नायलॉनची दोरी वापरू नये, कारण तिची गाठ गाडीच्या हादऱ्यांनी सैल होते. जुनी ट्यूब उभी कापून तिच्या पट्ट्या कराव्यात. त्या ताणल्या जातात, घसरत नाहीत, रंगाला ओरखडा काढत नाहीत, आणि प्रत्येक सायकलवाल्याच्या घरी कोपऱ्यात पडलेल्या असतात.

पावसाळ्यात पुठ्ठ्याचे खोके फलाटावर अर्धा तास जरी भिजले तरी त्याचा लगदा होतो. जून ते सप्टेंबर या काळात खोक्यापेक्षा गोणपाट बरे, आणि त्याच्या आत जाड प्लास्टिकची एक गुंडाळी द्यावी. मोठ्या स्थानकांच्या पार्सल कार्यालयाबाहेर दाभण आणि सुतळी घेऊन बसलेले लोक असतात. ते दहा मिनिटांत सायकल शिवून देतात. त्यांचा वेग थक्क करणारा असतो, पण गिअरची सायकल आणि दुधाच्या कॅनची सायकल यांत ते भेद करत नाहीत. त्यांच्या हाती देण्यापूर्वी पेडल आणि डिरेलर आपण स्वतः काढलेले असावेत.

रेल्वे

लांबच्या प्रवासासाठी रेल्वे हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि सर्वांत जास्त धीर मागणाराही तोच आहे. येथे पहिला गोंधळ लगेज आणि पार्सल या दोन शब्दांचा होतो. आपल्याजवळ त्याच गाडीचे तिकीट असेल आणि सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, जाणार असेल तर ते लगेज. तिकिटाचा संबंध न ठेवता सायकल स्वतंत्रपणे पाठवली तर ते पार्सल, आणि ते जागा मिळेल त्या गाडीने जाते. खिडकीवर केवळ ‘सायकल पाठवायची आहे’ असे म्हटले तर कारकून पार्सलचा अर्ज पुढे करतो. म्हणून तिकीट दाखवून ‘याच गाडीने, लगेज म्हणून’ असे स्पष्ट सांगावे. या एका वाक्याने नंतरचे दोन-तीन दिवस वाचू शकतात.

प्रत्येक श्रेणीच्या तिकिटावर काही वजनाचे सामान मोफत नेता येते. स्लीपरला ते ४० किलो आणि द्वितीय श्रेणीला ३५ किलो आहे. सायकल मात्र या सवलतीत बसत नाही. तिचे भाडे वेगळे भरावेच लागते, आपल्याजवळ दुसरे काहीच सामान नसले तरी. चाके काढून पिशवीत घातलेली सायकल डब्यात बाकाखाली सरकवणारे अनेक जण आहेत आणि त्यांचे बऱ्याचदा निभावतेही. परंतु नियमांनुसार डब्यात न्यायच्या पेटीचे बाहेरचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत असावे लागते. वातानुकूलित तृतीय श्रेणीत आणि चेअर कारमध्ये ते ५५ × ४५ × २२.५ एवढेच आहे. पूर्ण मापाची सायकल कशीही मोडली तरी यात मावत नाही. नोंद न केलेले जादा सामान सापडल्यास लगेजच्या दराच्या सहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय रात्री अकरा वाजता सहप्रवाशाला त्याची बॅग ठेवायला जागा मिळाली नाही तर त्याचा राग रास्त असतो, आणि तिकीट तपासनिसाशी घातलेला वाद त्या डब्यात आपल्याला कोणाचीच सहानुभूती मिळवून देत नाही. घडीची सायकल असेल तर गोष्ट वेगळी. ब्रॉम्प्टन या कंपनीच्या सायकलीची घडी ५८.५ × ५६.५ × २७ सेंटिमीटर होते. मापाचे नियम काटेकोर लावले तर तीही बाहेरच राहील, पण आवरणात घातलेली ती घडी इतर बॅगांत वेगळी दिसत नाही. तिची किंमत लाखांच्या घरात आहे, हा भाग निराळा.

नियमाप्रमाणे लगेज गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी आणून द्यावे असे आहे. प्रत्यक्षात अडीच ते तीन तास हाताशी ठेवावेत. अर्ज भरणे, वजन करणे, आकार भरणे, पावती घेणे आणि मग सायकल योग्य फलाटावर नेणे या पाच गोष्टींपैकी प्रत्येक ठिकाणी एक माणूस असतो आणि तो त्या क्षणी चहाला गेलेला असू शकतो. मोठ्या आकाराच्या सामानाला प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त वजन लावले जाते, त्यामुळे पावतीवर आपल्या १३ किलोच्या सायकलीसमोर मोठा आकडा दिसला तर तो घोटाळा समजून भांडू नये. हिशोब कसा केला ते विचारावे.

अर्जातील एक रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, तो म्हणजे सामानाचे मूल्य. मूल्य जाहीर न करता दिलेले लगेज हरवले किंवा मोडले तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरतीच असते. इतर पार्सलसाठी ती किलोमागे ५० रुपये आहे. १४ किलोची सायकल म्हणजे फार तर १,४०० रुपये. पन्नास हजारांच्या सायकलीसाठी ही भरपाई म्हणजे थट्टाच. मूल्य जाहीर करून त्यावरचा शेकडेवारीचा जादा आकार भरला तर जबाबदारीची मर्यादा वाढते. त्यासाठी खरेदीची पावती बरोबर असावी. ती नसेल तर सायकल महाग आहे हे सिद्ध करणे आपल्याच अंगावर येते. मूळ पावती घरी ठेवून झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये छायाचित्र एवढे पुरते. फ्रेमच्या खाली पेडलांच्या नळीवर कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्रही काढून ठेवावे.

सायकलीवर दोन ठिकाणी, जाड अक्षरांत, नाव, मोबाइल क्रमांक, कोठून आणि कोठे हे लिहावे. कागदी चिठ्ठी डकवण्याऐवजी कापडाच्या पट्टीवर पक्क्या शाईने लिहून ती शिवावी. पावतीचा क्रमांक आपल्यासमोर सायकलीवर लिहून घ्यावा. पावती जपावी, कारण ती हरवली तर सायकल समोर दिसत असूनही मुद्रांकावर हमीपत्र लिहून दिल्याशिवाय ती हाती येत नाही.

आता जागेचा प्रश्न. गाडीला ब्रेकव्हॅन आहे म्हणजे जागा आहे असे नसते. ब्रेकव्हॅनचे काही कप्पे खासगी ठेकेदारांना भाडेपट्ट्याने दिलेले असतात आणि त्यांत आपले लगेज घालता येत नाही. उरलेल्या कप्प्यात मासळीच्या पेट्या, वृत्तपत्रांचे गठ्ठे आणि मोटारसायकली असतात. वंदे भारतसारख्या गाड्यांना असा सामानाचा डबाच नसतो. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी पार्सल कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. गाडीचा क्रमांक सांगितला की तेथील माणसाला तिच्यात रोज किती माल चढतो हे तोंडपाठ असते. शिमगा, मे महिन्याची सुटी आणि गणपती या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचा विचारच सोडून द्यावा.

ज्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते तेथे ब्रेकव्हॅन उघडून सायकल उतरवली जाईल अशी आशा धरू नये. कोकण रेल्वेवर हा प्रश्न नेहमी येतो. आपल्याला जायचे असते लहानशा गावाला आणि सायकल उतरते मोठ्या स्थानकावर. त्यावर उपाय एकच: मोठ्या स्थानकाचेच तिकीट काढावे आणि पुढचे अंतर सायकलीने कापावे. रत्नागिरीचे स्थानक शहराबाहेर आहे, सावंतवाडीचे तर मळगावात आहे. रिक्षासाठी खोळंबलेल्या इतर प्रवाशांसमोरून सायकल जोडून निघून जाण्याचे सुख तेथेच मिळते. गाडी सुटण्याआधी ब्रेकव्हॅन पुढे आहे की मागे ते पाहून ठेवावे आणि उतरण्याच्या स्थानकाआधी डब्यांतून शक्य तितके त्या दिशेला सरकावे. मी एकदा उलट्या टोकाला राहिलो. चोवीस डब्यांच्या फलाटावर दोन पिशव्या घेऊन पळत गेल्यावर कळले की सायकल केव्हाच उतरवून खांबाला टेकवून ठेवली होती आणि हमाल माझी वाट पाहून कंटाळला होता.

उतरलेली सायकल ताबडतोब सोडवून घ्यावी. ठरावीक मुदतीनंतर ती तेथे पडून राहिल्याचे जागाभाडे लागते.

एसटी आणि खासगी बस

पूर्वी लाल बसच्या टपावर चढायला मागे शिडी असे आणि वर लोखंडी कठडा असे. सायकल, आंब्याच्या पेट्या आणि कोंबड्यांची खुराडी एकत्र जात. आता अनेक बसगाड्यांना टपावर सामान ठेवण्याची सोयच नसते. जेथे ती आहे तेथे वाहकाला आधी विचारावे, लगेजचे तिकीट मागून घ्यावे आणि सायकल आपण स्वतः वर चढवून बांधावी. हँडल बसच्या पुढच्या दिशेला, सायकल आडवी, गिअरची बाजू वर, आणि दोन चाकांना तसेच फ्रेमला मिळून किमान चार ठिकाणी ट्यूबच्या पट्ट्या. घाटात आणि गावांच्या तोंडाशी वडाच्या फांद्या टपाला घासतात, म्हणून उभी सायकल कधीही बांधू नये. आगाराच्या सुरुवातीच्या थांब्यावरूनच बसावे. मधल्या थांब्यावर पन्नास प्रवासी खिडकीतून पाहत असताना चालकाला थांबवून टपावर चढण्याचा अनुभव कोणीही मुद्दाम घेऊ नये.

खासगी आरामबसची डिकी मोठी असते आणि भाडे लवचीक. या लवचिकपणातच सगळा मनस्ताप आहे. एका रात्रीच्या बसने जाताना मी तिकीट काढण्याच्या ठिकाणी सायकलीचे ३०० रुपये ठरवून दिले. बस आल्यावर क्लीनरने त्याची काहीच कल्पना नसल्याचे सांगितले आणि आणखी २०० घेतले. पहाटे उतरताना सायकलीवर मोटारीच्या सुट्या भागांची एक पेटी होती, आणि पुढचे चाक गोल होते असे म्हणायला धाडस लागले असते. तेव्हापासून मी पुढील गोष्टी पाळतो. सायकलीचे पैसे आधी कोणालाही देत नाही. सायकल डिकीत गेल्यावर क्लीनरच्या हातात देतो. तिकिटावर ‘सायकलसह’ असे लिहून घेतो किंवा तसा मोबाइलवर संदेश मागतो. सुरुवातीच्या थांब्यावर अर्धा तास आधी पोहोचतो, म्हणजे डिकी रिकामी असते आणि सायकल सर्वांत आत, भिंतीला टेकून ठेवता येते. चाके काढून फ्रेमच्या दोन बाजूंना बांधतो, गिअरची बाजू भिंतीकडे येईल अशी. आणि ‘वर काही ठेवू नका’ असे सांगण्याऐवजी सायकलीवर स्वतःची मऊ बॅग ठेवतो. रिकामी जागा दिसली की माल येतोच, पण बॅग दिसली की तो शेजारी जातो.

या बसगाड्या प्रवाशांइतकाच व्यापारी मालही वाहतात, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ राग आवरता येतो. दिवाळीच्या आठवड्यात डिकीत सायकलीला जागा मिळणार नाही, कितीही पैसे मोजले तरी.

विमान

विमानात अडचण वजनाची वाटते, पण खरी अडचण मापाची असते. देशांतर्गत प्रवासात स्वस्त तिकिटावर साधारणतः १५ किलो सामान विनामूल्य जाते. सायकल ११ किलोची आणि खोके चार किलोचे धरले तर गणित जेमतेम जमते. परंतु पुष्कळ कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असली की सामान मोठ्या आकाराचे मानतात. सायकलीचे नेहमीचे खोके १३५ × ७५ × २० सेंटिमीटरचे, म्हणजे बेरीज २३०. म्हणून सायकल क्रीडासाहित्य म्हणून तिकिटाबरोबरच नोंदवावी आणि त्याचे शुल्क आधीच भरावे. विमानतळावर तेच शुल्क बहुधा जास्त पडते. ग्राहकसेवेशी दूरध्वनीवर झालेले बोलणे काउंटरवर कोणीही ग्राह्य धरत नाही. लेखी उत्तर मागवून ते छापून न्यावे. लहान विमानांच्या पोटात एवढे खोके मावतच नाही, म्हणून लहान शहराकडे जाताना विमान कोणते आहे तेही विचारावे.

टायरमधील हवा कमी करावी; पूर्ण काढली तर रिम उघडी पडते, थोडी ठेवावी. हवा भरण्याचे कार्बन डायऑक्साइडचे छोटे सिलिंडर घरीच ठेवावेत, हातपंप न्यावा. दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या पिशवीत असाव्यात. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. तेव्हा विजेची सायकल विमानाने नेण्याचा बेत येथेच संपतो.

खोके बंद करण्यापूर्वी आतील सायकलीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. उतरल्यावर खोके सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशीच उघडून पाहावे आणि काही मोडले असेल तर विमानतळाबाहेर पडण्याआधी लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यावी. घरी जाऊन निवांत पाहू असे म्हटले की प्रकरण संपले. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. देशांतर्गत प्रवासात सामानाबद्दलची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंत असते, त्यामुळे महागड्या सायकलीचा वेगळा विमा काढणे शहाणपणाचे आहे.

कुरिअरने सायकल आधी पाठवून देण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. तेथे आकारमानावरून वजन ठरते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागण्याची पद्धत सर्रास आहे. वरच्याच खोक्याचे असे वजन ४०.५ किलो येते. पुढचे मडगार्ड, हँडल आणि सीट काढून खोके दहा सेंटिमीटरने आखूड केले तरी तीन किलोंचे पैसे वाचतात, आणि हे काम खरोखर करण्याजोगे आहे.

होडी आणि मेट्रो

सायकलवाल्याला सर्वांत कमी त्रास पाण्यावर होतो. किनाऱ्याच्या रस्त्याने कोकणात उतरताना आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडले, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या जंगलजेटीने (वाहने वाहून नेणाऱ्या सपाट बोटीने) ओलांडता येतात. सायकल मोडावी लागत नाही, बांधावी लागत नाही. तिकीट काढून ढकलत आत न्यायची आणि कठड्याला टेकवून उभे राहायचे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो (वाहने थेट आत नेता येणाऱ्या) बोटीने २०२० पासून मुंबईकरांची अलिबागची वाट सोपी केली आहे. अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सायकलींना बंद असल्यामुळे हा जलमार्ग अधिकच मोलाचा वाटतो. पावसाळ्यात मात्र फेऱ्या हवामानावर अवलंबून असतात; निघण्याच्या सकाळी चौकशी करावी.

मुंबई आणि पुणे येथील मेट्रोमार्गांवर सायकल नेता आली आहे, तरी कोणत्या मार्गावर आणि कोणत्या वेळी हे स्थानकावर विचारावे. मुंबईच्या लोकलमध्ये सायकलीची जागा मालडब्यात असते आणि तिचे वेगळे लगेज तिकीट लागते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत तो प्रयोग करू नये.

उतरल्यावर

मुक्कामी पोहोचल्यावर सायकल जोडण्यासाठी एक तास राखून ठेवावा आणि ती स्थानकाच्या दारात न जोडता सावलीत, सपाट जागी जोडावी. आधी चाके, मग ब्रेक, मग डिरेलर, मग हँडल आणि शेवटी पेडल हा क्रम सोयीचा पडतो. चाक फिरवून रिम ब्रेकला घासते का ते पाहावे. हँडल पुढच्या चाकाशी काटकोनात आहे याची खात्री चाक गुडघ्यांत धरून हँडल जोराने पिळून करावी. ते हलले तर बोल्ट सैल आहे. साखळी सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर नेताना डिरेलर आऱ्यांना लागत नाही ना, हे सायकल उचलून हाताने पेडल फिरवत पाहावे. हँगर थोडा वाकलेला असला तर हे तेथेच कळते. आपल्या सायकलीचा एक सुटा हँगर आणि दोन आरे नेहमी जवळ ठेवावेत, कारण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि तालुक्याच्या गावी तो मिळत नाही.

परतीसाठी खोके लागणार असेल तर लॉजच्या मालकाला विनंती करून ते घडी घालून पलंगाखाली ठेवावे. शे-दोनशे रुपये दिले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. परतीचे ठिकाण वेगळे असेल तर तेथल्या सायकलीच्या दुकानाचा क्रमांक निघण्यापूर्वीच शोधावा आणि पोहोचण्याच्या दोन दिवस आधी फोन करून एक खोके राखून ठेवायला सांगावे. फोनवर सायकलीच्या चाकाचे माप आवर्जून सांगावे. तसे न सांगितल्याने माझ्यासाठी एकदा लहान मुलांच्या सायकलीचे खोके अगदी प्रेमाने जपून ठेवलेले होते.

पहिले पाच किलोमीटर सावकाश जावे, मग थांबून सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. पाना आणि ॲलन की तोपर्यंत बॅगेच्या तळाशी घालू नयेत.